जुन्या विंचेस्टरचा भाव कसा काढावा

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन या राज्यांत नोव्हेंबर लागला की हरणांच्या शिकारीची लगबग सुरू होते. तिथल्या कितीतरी घरांत वडिलांची किंवा आजोबांची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल असते आणि बऱ्याचदा ती विंचेस्टरची मॉडेल 94 निघते. जॉन ब्राउनिंगने आखलेली ही रायफल 1894 साली बाजारात आली. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनचा कारखाना 2006 मध्ये बंद होईपर्यंत तिचे 70 लाखांहून जास्त नग निघाले. चापाभोवतीचा दांडा खाली ओढला की रिकामे टरफल उडते, वर घेतला की नवे काडतूस नळीत बसते. घरातले जुने माणूस गेल्यावर ती विकायची वेळ येते, तेव्हा भावाचा अंदाज कोणालाच नसतो. कोणी पहिल्या गिऱ्हाइकाला मिळेल त्या पैशांत देऊन मोकळे होते, तर कोणी एखाद्या दुर्मिळ नगाच्या लिलावाची बातमी वाचून भलतीच आशा धरून बसते. खरा आकडा या दोहोंच्या मध्ये असतो आणि थोडा धीर धरला तर तो काढता येतो.

आधी एक कळकळीची विनंती. विकायची आहे म्हणून रायफल घासूनपुसून नवी करू नका. लोखंडी काथ्या, पॉलिश, दस्त्याला नवे वॉर्निश यांतले काहीही नको. मऊ कापडाने धूळ पुसा, बंदुकीच्या तेलाचा हलका हात फिरवा आणि तिथेच थांबा. जुन्या रायफलीचा भाव तिच्यावर उरलेल्या कारखान्याच्या मूळ कामाला असतो आणि ते एकदा खरवडले की परत आणता येत नाही. पोलादावर चढवलेल्या निळसर काळ्या मुलाम्याला ब्लूइंग म्हणतात. ते नव्याने करून घेतलेली रायफल दिसायला सुरेख असते, पण जुनी, संग्राह्य असेल तर संग्राहकाच्या लेखी तिची किंमत जवळपास निम्मी होते.

हात लावण्याआधी ती रिकामी आहे याची खात्री करायची. या रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या लांब नळीत रांगेने भरलेली असतात, त्यामुळे चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, रिकामे दिसले म्हणून भागत नाही. तोंड सुरक्षित दिशेला, बोट चापापासून लांब, आणि काडतूस बाहेर पडायचे थांबेपर्यंत दांडा सावकाश पूर्ण खाली-वर करायचा. सवय नसेल तर जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावे.

आता ओळख. नळी आणि दस्ता यांच्या मधल्या पोलादी पेटीला रिसीव्हर म्हणतात. तिच्या खालच्या अंगाला, पुढच्या टोकाशी नंबर कोरलेला असतो. हा नंबर म्हणजे अर्धी कुंडली. 1964 साली कंपनीने खर्च कमी करण्यासाठी घडणीत बदल केले: काडतूस उचलणारा तुकडा पत्र्यातून ठोकून काढलेला, भरीव पिनांच्या जागी पोकळ पिना, आणि नेहमीचे ब्लूइंग ज्यावर नीट धरत नाही अशा धातूचा रिसीव्हर. त्या वर्षापासूनचे नंबर 27 लाखांपासून पुढे चालू झाले. म्हणून त्याखालचा नंबर दिसला की जाणकाराचा सूर बदलतो. 1964 नंतरच्या रायफली रानात उत्तम काम देतात, हरणे मारायला त्या कुठेच कमी पडत नाहीत. बाजार मात्र त्यांना आधीच्या रायफलींच्या पंक्तीला बसवत नाही. 1980 च्या दशकापासून टरफल वर न उडता बाजूला तिरपे उडते, दुर्बीण बसवता यावी म्हणून. 1992 पासून रिसीव्हरमध्ये आडवे सेफ्टी बटण आले आणि ते जुन्या रसिकांना अजिबात आवडत नाही.

नळीवर काडतुसाचे नाव वाचा. बहुतेक वेळा ते .30-30 असते. संग्राहकाला .25-35 किंवा .38-55 सापडली तर आनंद होतो, शिकाऱ्याला होत नाही, कारण .30-30 कोणत्याही दुकानात मिळते आणि ही काडतुसे शोधत फिरावे लागते. भाव ठरवताना आपले गिऱ्हाईक या दोघांपैकी कोण, हे आधीच ठरवावे. साधी, वापरलेली, 1970 च्या दशकातली रायफल शिकाऱ्यालाच विकली जाणार. त्याच्यापुढे दुर्मिळतेचे पाल्हाळ लावण्यात अर्थ नाही.

यानंतर खिडकीच्या उजेडात निवांत बसायचे, कारण सगळ्यात जास्त पैसा इथे हलतो. अमेरिकेत दरवर्षीच्या भावपुस्तकांत स्थिती टक्क्यांत मोजतात: मूळ ब्लूइंग किती टक्के शिल्लक आहे. रिसीव्हरच्या खालचा, चालताना हात धरतो तो भाग राखाडी पडलेला असेल, नळीच्या तोंडाशी घासलेले असेल, आणि खाचाखोचांत मूळ रंग टिकून असेल, तर ही झीज प्रामाणिक आहे. आता स्क्रूंकडे या. त्यांच्या खाचा धारदार आणि सरळ आहेत, की चुकीच्या पेचकसाने कड फुगून आलेली आहे? फुगलेली असेल तर रायफल कोणीतरी उघडली होती. मग नळीवरची अक्षरे भिंगाखाली धरा. कारखान्यातून आलेल्या अक्षरांच्या कडा टोकदार असतात. पुन्हा पॉलिश झालेल्या नळीवर त्या विरघळल्यासारख्या दिसतात, स्क्रूच्या भोकांभोवती उथळ खळगे पडतात, रिसीव्हरच्या कडा गोलसर होतात. काळा रंग एकसारखा, पण त्याखाली गंजाचे बारीक खड्डे, असे दिसले की शंका संपली. उलट, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या काही रिसीव्हरांचे ब्लूइंग पापुद्र्यांनी सुटते. तो तेव्हाच्या पोलादाचा गुण, घरच्यांचा हलगर्जीपणा नव्हे. दिसायला वाईट, पण मूळ असल्याची खूण म्हणून मला तरी ती चांगली वाटते.

नळीच्या आत पाहायला दांडा उघडा ठेवून चेंबरशी पांढरा कागद तिरका धरा आणि तोंडातून डोकवा. पिळाच्या, म्हणजे नळीच्या आत कोरलेल्या वळणदार खाचांच्या, कडा लखलखीत दिसल्या तर उत्तम. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधले, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या बुडाच्या टोपीतले, क्षार गंज चढवत, त्यामुळे काळवंडलेल्या, खड्डे पडलेल्या नळ्या बऱ्याच भेटतात. या रायफलीची नळी मागून साफ करणे अवघड, म्हणून लोक तोंडातून गज घालतात. वर्षानुवर्षे गज घासून तोंडाजवळचा पीळ झिजतो आणि नेम बिघडतो.

मग कोणी काय बदलले ते पाहा. दुर्बिणीसाठी पाडलेली भोके, कापून रबरी पॅड लावलेला दस्ता, बदललेली नेमकाठी, पट्ट्यासाठी मारलेले स्क्रू. नेमकाठी परत बसवता येते, भोक बुजवता येत नाही. मूळ सुटे भाग माळ्यावरच्या डब्यात सापडले तर ते रायफलीसोबतच द्यावेत.

स्मृती-आवृत्त्यांबद्दल सावध करायला हवे. 1966 ची शताब्दी, 1968 ची बफेलो बिल अशा खास सजवलेल्या रायफली लाखाच्या घरात निघाल्या आणि लोकांनी त्या गुंतवणूक म्हणून जपल्या. न उडवलेली, खोक्यासकट, कागदांसकट असेल तरच तिला मान. एकदा शिकारीला नेली की ती साधारण रायफलीच्या भावाजवळ येते.

घरातली रायफल विंचेस्टर नसून मार्लिन कंपनीची 336 असेल तर रिसीव्हरजवळ नळीवर ‘जेएम’चा छोटा शिक्का शोधा. कंपनी रेमिंग्टनकडे जाण्याआधीच्या नळीची ती खूण आणि तिला गिऱ्हाईक जास्त देते. 1973 पासून पुढची बरीच वर्षे नंबराचे पहिले दोन आकडे 100 मधून वजा केले की साल निघते: 25 म्हणजे 1975.

एवढे हाती आले की भाव पाहायचे, तेही विकल्या गेलेल्या नगांचे. मागितलेली किंमत कोणीही कितीही लावतो. ऑनलाइन लिलावांच्या साइटवर संपलेले व्यवहार वेगळे दिसतात. त्यांतून आपल्याच काळाचे, काडतुसाचे आणि स्थितीचे पाच-सहा नग निवडा. समजा 800, 850, 900, 950 आणि 1,600 डॉलर असे आकडे आले. तर 1,600 चा वेगळा काढून तो का वेगळा आहे ते फोटोत शोधा, आणि आपला अंदाज 850 ते 900 धरा. दुकानदार त्याच्या साठ-सत्तर टक्के देऊ करेल. त्याला भाडे, नफा आणि महिनोन्‌महिने माल पडून राहण्याचा धोका सोसायचा असतो, तेव्हा हा देकार अपमान समजू नये. दुकानात विक्रीसाठी ठेवून कमिशन दिले तर जास्त मिळते, वेळही जास्त लागतो.

साधारण पहिल्या साडेतीन लाख मॉडेल 94 च्या कारखान्यातल्या नोंदी वायोमिंगमधल्या कोडी गावच्या बंदूक-संग्रहालयात आहेत. शुल्क भरून नंबर कळवला की मूळ नळी, काडतूस आणि रवानगीची तारीख लेखी मिळते. फार जुन्या, खास मागणीच्या नगाला हे पत्र नक्की घ्यावे. साध्या नगाला त्याचा खर्चही निघत नाही. आजोबांनी कोणासोबत शिकार केली ही गोष्ट कागदाशिवाय भावात धरली जात नाही.

विक्री कायद्याने करायची. दुसऱ्या राज्यातल्या माणसाला रायफल परवानाधारक दुकानदारामार्फतच जाते आणि तिथे घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासली जाते. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, कोलोरॅडो अशा राज्यांत शेजाऱ्याला विकतानाही हेच. 1898 पर्यंत बनलेली रायफल केंद्रीय कायद्यात पुराणवस्तू ठरते, पण राज्याचा नियम वेगळा पाहावा. पावतीवर नंबर, तारीख आणि घेणाऱ्याचे नाव लिहून एक प्रत स्वतःच्या फायलीत ठेवा. पुढे कधी त्या नंबराची चौकशी झाली, तर रायफल आपल्या हातून कधी आणि कोणाकडे गेली हे त्या कागदावरून दाखवता येते.