दोन विद्यापीठे आणि एक बिऱ्हाड

परवा पुतणीने घरात जाहीर केले, “काका, मी दोन विद्यापीठांची एम. ए. एकदमच करणार! एक इथे वर्गात बसून, दुसरी घरबसल्या.” विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली तशी मुभा दिली आहे, पीएच.डी.ला मात्र ती नाही. “एक ना धड, भाराभर चिंध्या!” असे मी म्हणून गेलो खरा, पण लगेच आमची सयाजीबाग आठवली आणि जीभ चावली.

बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ साली ते एम. ए. झाले. तेथली पीएच.डी. पदरात पडायची असतानाच १९१६ साली त्यांनी लंडन गाठले. तेथे स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, असे दोन अभ्यास एकदम आरंभले. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ साली ते कराराप्रमाणे बडोद्यास नोकरीवर हजर झाले.

एवढ्या विद्वानाला या शहरात बिऱ्हाड मिळाले नाही! पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही हुसकले. गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे.

पुढे मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली डी.एस्सी. आणि कोलंबियाची पीएच.डी. थेट १९२७ साली! त्या पीएच.डी.चा प्रबंध त्यांनी सयाजीराव महाराजांना, शिक्षणातील साहाय्याबद्दल, अर्पण केला आहे. ती अर्पणपत्रिका वाचताना आम्हां बडोदेकरांची मान ताठ होते. १९१७ साल आठवले की तीच मान खाली जाते. महाराजांनी पैसा दिला. छप्पर देणे आमच्या वाडवडिलांच्या हाती होते.

हे सारे पुतणीला सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, माझ्याबरोबर एक मैत्रीणही शिकणार आहे, बाहेरगावची. खोलीसाठी दोन घरे पाहिली. आडनाव सांगितले, की जागा भरलेली असते.”

आमच्या माडीवरची खोली गेली कित्येक वर्षे कुलुपातच आहे. किल्ली कुठे ठेवली, ते आठवायला थोडा वेळ लागला. उद्या सकाळी खोली झाडून घ्यायची आहे.