निद्रानाश अंगावर का काढायचा?

जागतिक निद्रा दिन दरवर्षी पाळला जातो. मोबाइल दूर ठेवा, संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको, हे सल्ले आता सगळ्यांना पाठ आहेत. महिनोन् महिने झोप न लागणारी माणसं डॉक्टरांकडे त्याचा विषयच का काढत नाहीत, हे मात्र आपण विचारत नाही.

अमेरिकेत १९९१ साली गॅलपने केलेल्या पाहणीत निद्रानाश असलेल्या ६९ टक्के लोकांनी तो डॉक्टरांना कधीच सांगितला नव्हता. २६ टक्के लोक दुसऱ्या दुखण्यासाठी गेले असताना त्याबद्दल बोलले. खास झोपेसाठी दवाखान्यात गेलेले जेमतेम ५ टक्के.

जे जातात, ते कशामुळे जातात? कॅनडातल्या लावाल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मोरँ यांनी क्यूबेकमधल्या २,००१ प्रौढांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध केली. मदत घेण्यामागची मुख्य कारणं अशी निघाली : दिवसाचा थकवा ४८ टक्के, मानसिक त्रास ४० टक्के, शारीरिक अस्वस्थता २२ टक्के. म्हणजे माणूस रात्र सोसतो आणि दिवस कोलमडला की दवाखाना गाठतो. मला हा निष्कर्ष फार अस्वस्थ करतो. रात्रभर कूस बदलून पहाटे पाचला डबे करायला उठणारी बाई दिवस कोलमडू देतच नाही, रेटून नेते. मग तिचा नंबर लागणार कधी?

दुसरी अडचण भीतीची. ‘डॉक्टर गोळी देतील आणि सवय लागेल.’ ही भीती निराधार नाही. पण तीच माणसं नातेवाइकाच्या पाकिटातली अर्धी गोळी बिनदिक्कत घेतात. अल्प्राझोलाम, झोल्पिडेम ही औषधं आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या ‘एच-१’ यादीत आहेत आणि दुकानदाराला त्यांची वेगळी नोंद ठेवावी लागते, ते उगाच नाही.

शिवाय गोळी हा पहिला उपाय नाहीच. जुनाट निद्रानाशासाठी आधी वर्तनोपचार द्यावेत, अशी शिफारस ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ने २०१६ मध्येच केली. यात झोपेची रोजनिशी ठेवायची, झोप आली तरच आडवं व्हायचं, लागेना तर उठून दुसऱ्या खोलीत जायचं, सकाळी उठण्याची वेळ पाळायची आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली अंथरुणातला वेळ काही आठवडे कमी करायचा. एका खोलीत पाच जण झोपत असतील तर ‘दुसऱ्या खोलीत जा’ हा सल्ला फोल; तिथे घर पाहूनच मार्ग काढावा लागतो. असे उपचार देणारे आपल्याकडे मोजकेच आहेत, हे खरं दुखणं.

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने झोपेची तक्रार आणि दिवसाही त्याचा त्रास असेल, तर तो आजार आहे. पण बोलण्याची सगळी जबाबदारी रुग्णावर टाकू नये. बीपी तपासून झाल्यावर दाराशी उभं राहून कुणी ‘झोप जरा कमी झालीय’ म्हटलं, तर ‘वयामुळे होतं’ हे उत्तर पुरेसं नाही. केसपेपरवर बीपी-शुगरशेजारी झोपेचा प्रश्न छापलेला हवा आणि तो डॉक्टरांनीच आधी विचारायला हवा.