बिडी आधी सोडवायची की मन आधी सावरायचं?

रोहिणखेडच्या बचत गटांतर्फे आम्ही आज फौजेतून निवृत्त होऊन घरी आलेल्या माणसांविषयी बोलणार आहोत. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात आपल्या जिल्ह्याचे दोन जवान गेले, मलकापूरचे संजय राजपूत आणि चोरपांग्र्याचे नितीन राठोड. त्यांची आठवण आपण ठेवतो. पण जे परत आले त्यांच्यापैकी काहींची लढाई घरात चालूच असते, ती आपल्या लक्षात येत नाही.

आमच्या गटातल्या एका वहिनीचे मालक असेच. रानडुकरं हाकलायला शेतात कोणी फटाका फोडला की ते झोपेतून ताडकन उठतात आणि मग पहाटेपर्यंत ओट्यावर बसून बिड्या ओढतात. आम्ही वहिनीला सल्ला दिला, "बंडल लपवून ठेवा." तिसऱ्या दिवशी त्यांनी ताट भिरकावलं आणि रात्री घर सोडून शेतात निघून गेले. वहिनी बैठकीत रडत म्हणाली, "बिडी नसली तं हे झोपतच नाईत वो. राहू द्या त्याइची बिडी." चूक आमची होती. म्हणून आम्ही जाणकारांना विचारलं. जे कळलं ते तुम्हाला सांगतो.

मोठा धोका, स्फोट किंवा सोबत्याचा मृत्यू डोळ्यांसमोर पाहिला की काहींच्या मनात तो प्रसंग संपतच नाही. वाईट स्वप्नं पडतात, बारीक आवाजाने दचकायला होतं, चीड येते, माणसांत बसवत नाही. हे महिनाभरापेक्षा जास्त चाललं तर तो आजार असू शकतो. डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतरचा ताण. हा भित्रेपणा नाही आणि बाहेरची बाधाही नाही. त्यावर उपचार आहेत.

आता बिडीचं बघा. झुरका घेतला की काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं आणि बरं वाटतं. दोनेक तासांत ते निम्म्यावर येतं. मग बेचैनी, चिडचिड सुरू होते. पुढची बिडी ही बेचैनी शमवते आणि माणसाला वाटतं, बिडीने मन शांत झालं. खरं तर बिडीनेच लावलेली आग बिडी थोडा वेळ विझवते. पीटीएसडीतही चिडचिड आणि झोपमोड असतेच. त्यामुळे कोणता त्रास कशाचा, हे घरच्यांनाच काय, त्या माणसालाही उमगत नाही.

मग आधी मन बरं होऊ द्यावं का? पूर्वी पुष्कळ डॉक्टरही तसंच म्हणत. अमेरिकेत पीटीएसडी असलेल्या ९४३ माजी सैनिकांवर एक अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना मनाच्या उपचारातच धूम्रपान सोडण्याची मदत दिली, बाकीच्यांना वेगळ्या दवाखान्यात पाठवलं. एकत्र मदत मिळालेल्यांत १०० पैकी सुमारे ९ जण वर्षभर दूर राहिले, दुसऱ्यांत साडेचार. म्हणजे दुप्पट. आणि बिडी-सिगारेट सोडल्याने मनाचा आजार बळावला नाही. पण १०० पैकी ९ हा आकडाही ध्यानात ठेवा. पहिल्या प्रयत्नात जमलं नाही तर टोमणा मारू नका, पुन्हा सुरुवात करा.

घरच्यांनी काय करावं? बंडल लपवू नका, देवाची शपथ घालू नका. तारीख त्यांनाच ठरवू द्या. लग्नाची धामधूम किंवा दिवाळीचे फटाके असतील ते दिवस टाळा. पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात, दोन ते चार आठवड्यांत त्रास ओसरतो. तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्या वेळात पाणी, बडीशेप, अंगणात एक फेरी, असं काहीतरी हाताशी ठेवा. बिडी सुटली आणि खर्रा लागला, असंही होऊ देऊ नका.

निकोटीनचं च्युइंगम आणि इतर औषधं मिळतात, ती डॉक्टरांना विचारून घ्या. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर बिडी सोडतोय हे डॉक्टरांना जरूर सांगा, कारण धूर बंद झाला की काही गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागतं. गोळ्या मनाने बंद करू नका.

मदत कुठे? तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस, १४४१६. दोन्ही फोन मोफत आहेत. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. कार्ड काढलं नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. मरणाची भाषा निघाली तर मात्र थांबू नका. फवारणीचं औषध कुलुपात ठेवा, त्यांना एकटं सोडू नका आणि लगेच दवाखान्यात न्या.

त्या वहिनीने आता बंडल लपवणं सोडलं आहे. रात्री मालक ओट्यावर बसले की तीही शेजारी जाऊन बसते. परवा ते स्वतःच म्हणाले, "तो नंबर दे बरं." बिडी अजून सुटलेली नाही. पण नंबर त्यांनी मागितला, हेही कमी नाही.