बल्बच्या खोक्यावरचा आकडा

बल्ब आणायला आपण दुकानात जातो. दुकानदार विचारतो, "पांढरा देऊ की पिवळा?" आपण म्हणतो, "द्या कोणताही. उजेड पडला म्हणजे झालं!" पण तसे नाही बरे. जसे काम, तसा उजेड हवा.

आता तुम्हाला वाचता येते. खोके हातात घ्या. त्यावर २७००, ४००० किंवा ६५०० असा आकडा इंग्रजीत छापलेला असतो. पुढे 'के' हे अक्षर असते. के म्हणजे केल्विन. हे उष्णतेचे माप आहे.

उष्णतेचा रंगाशी काय संबंध? लोहाराची भट्टी आठवा. लोखंड तापले की आधी लाल होते, मग पिवळे, आणि फार तापले की पांढरे दिसते. त्यावरूनच उजेडाच्या रंगाला आकडे दिले. बल्ब स्वतः इतका तापत नाही. आकडा फक्त रंग सांगतो. २७०० म्हणजे पिवळसर, जुन्या तारेच्या बल्बासारखा. ४००० म्हणजे मधला. ६५०० म्हणजे पांढरा, जरा निळसर, दिवसाच्या उजेडासारखा.

आपल्या जिल्ह्यात पैठणला पैठणी विणतात. तिथे रेशमाचा रंग नीट पारखावा लागतो. पिवळ्या उजेडात गडद निळा धागा काळा वाटतो. पांढरा आणि फिका पिवळा सारखेच दिसतात. म्हणून रंग पारखायला दिवसाचा उजेड उत्तम. रात्री काम करायचे तर ६५०० चा बल्ब बरा. लुगडे घेतानाही हे ध्यानात ठेवा.

घरात काय लावावे? स्वैपाकाला आणि मुलांच्या अभ्यासाला ४००० किंवा ६५०० चा लावा. निजायच्या खोलीत २७०० चा लावा. रात्री उशिरापर्यंत निळसर उजेड असला की झोप लांबते.

पांढरा बल्ब जास्त वीज खातो, असे काहीजण म्हणतात. हा समज खोटा आहे. विजेचा हिशोब वॅटवर असतो. जुना ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास जळला, तर महिन्याला ९ युनिट वीज लागते. साधारण तेवढाच उजेड देणाऱ्या ९ वॅटच्या एलईडी बल्बाला दीड युनिटही लागत नाही.

तेव्हा खोक्यावरचे दोन आकडे वाचा. वॅटचा आकडा बिलासाठी, केल्विनचा रंगासाठी. मगच पैसे द्या.