लाटांचे चित्र

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात बोरी नदीच्या काठी नळदुर्गचा किल्ला आहे. तेथे दगडी बंधारा घालून नदीचे पाणी अडविलेले आहे आणि त्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणीमहाल नावाची देखणी वास्तू आहे. विजापूरचा सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा याच्या राजवटीतील हे बांधकाम होय. पावसाळ्यात जलाशय तुडुंब भरला म्हणजे पाण्याचे दोन प्रचंड लोट शेजारी शेजारी खाली झेपावतात. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात.

दोन ठिकाणी उठलेल्या लाटा एकमेकींना भेटल्या, तर पुढे काय होत असेल? धबधब्याच्या पायथ्याशी याचे उत्तर शोधण्यात अर्थ नाही. तेथे नुसता फेस आणि खळबळ असते. त्यापेक्षा वारा पडलेला असताना एखाद्या हौदाच्या संथ पाण्यावर दोन बोटांनी, थोड्या अंतरावर, एकाच तालात हलकेच टिचक्या माराव्या. दोन्हीकडून गोल लाटा पसरू लागतात. लाटेला उंचवटा असतो आणि त्याच्यामागे खळगा असतो. उंचवट्याला उंचवटा मिळाला, की पाणी अधिकच वर उठते. खळग्याला खळगा मिळाला, की ते अधिकच खाली जाते. परंतु एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर आला, तर दोघींची बरोबरी होते आणि तेथील पाणी जवळजवळ स्तब्ध राहते. या प्रकाराला पदार्थविज्ञानात व्यतिकरण असे नाव आहे.

पाण्यावर हे सारे क्षणात घडते; डोळ्यांना ते नीट धरता येत नाही. कागदावर मात्र ते धरता येते. चित्रकलेच्या वहीत मधोमध दोन बिंदू घ्या. त्यांच्यातील अंतर 4 सेंटिमीटर असू द्या. प्रत्येक बिंदू केंद्र मानून कंपासने 1, 2, 3 असे 7 सेंटिमीटरपर्यंतच्या त्रिज्यांची वर्तुळे तांबड्या पेन्सिलीने काढा. ही उंचवट्यांची वर्तुळे झाली. मग अर्धा, दीड, अडीच अशा साडेसहा सेंटिमीटरपर्यंतच्या त्रिज्यांची वर्तुळे निळ्या पेन्सिलीने काढा. हे खळगे. जेथे जेथे एका बिंदूचे तांबडे वर्तुळ दुसऱ्या बिंदूच्या निळ्या वर्तुळाला छेदते, तेथे बारीक टिंब द्या.

आता त्या टिंबांकडे लक्षपूर्वक पाहा. आपण काढली ती सारी वर्तुळे. पण टिंबे मात्र पंख्याच्या काड्यांप्रमाणे दोन्ही बाजूंना फाकत जाणाऱ्या वक्र रेषांवर बसलेली दिसतील. अशा रेषा मोजून 8 भरतात. त्या कोणी काढलेल्या नाहीत! दोन बिंदूंपासूनच्या अंतरांतील फरक जेथे अर्धा, दीड, अडीच किंवा साडेतीन सेंटिमीटर आहे, त्या सर्व जागा या रेषांवर येतात. भूमितीत अशा वक्राला अपास्त म्हणतात. पाण्यावरील शांत वाटा त्या ह्याच.

पुढचे काम रंगाचे. शांत वाटांवर कागद कोराच ठेवावा. दोन वाटांच्या मध्ये जी पट्टी असते, तिच्या मध्यभागी पाणी सर्वांत जास्त हेलावते. तेथे पेन्सिल दाबून फिरवावी आणि कडेकडे जाताना हात हलका करीत न्यावा. रंगीत पेन्सिल या कामाला फार सोयीची. तिच्या हलक्या थराखालून आधीचा थर दिसत राहतो. तांबड्यावर निळा फिरवला, की जांभळी छटा उमटते. जाड लावलेला खडू खालचे झाकून टाकतो. रंग कोणते घ्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मात्र शोभेसाठी एखादी वाट मुद्दाम वळवली, तर ती सुंदर नक्षी होईल, लाटांचे चित्र राहणार नाही.

या चित्रात झाड नाही, घर नाही, नदीसुद्धा नाही. अशा चित्राला अमूर्त म्हणतात. 1924 साली नागपुरात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांची अशी चित्रे जगभर नावाजली गेली. त्यांनी भौतिकशास्त्राचे नियम पाळले असे नव्हे. परंतु ओळखीची वस्तू नसतानाही चित्र मनाला खिळवून ठेवते, हे त्यांच्या कामात दिसते.

जवळजवळ असेच चित्र टॉमस यंग या इंग्रज डॉक्टराने 1807 साली आपल्या व्याख्यानांच्या ग्रंथात छापले होते. प्रकाश हीदेखील लाटच असावी, असे त्याचे म्हणणे होते. तसे असेल तर प्रकाशात प्रकाश मिळवला असता काही जागी अंधार पडला पाहिजे! ऐकावयास हे विचित्र वाटते, परंतु प्रयोगात तसे काळे पट्टे दिसतात.

त्याच व्यतिकरणाचा उपयोग आज फार दूरच्या गोष्टी जाणण्यासाठी होत आहे. अवकाशातही लाटा उठतात, असे आइन्स्टाइनने 1916 साली गणिताने दाखविले होते. 14 सप्टेंबर 2015 रोजी अमेरिकेतील दोन वेधशाळांना तशी लाट प्रथम सापडली. तेथे एका प्रकाशझोताचे दोन भाग करून ते काटकोनातील 4 किलोमीटर लांबीच्या नळ्यांतून पाठवितात आणि परत आल्यावर एकत्र करतात. लाट आली, की नळ्यांच्या लांबीत अत्यंत सूक्ष्म फरक पडतो आणि दोन प्रकाशलाटांचा मेळ बिघडतो. अशीच एक वेधशाळा आपल्या मराठवाड्यात, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारण्यास भारत सरकारने 2023 साली मंजुरी दिली आहे.

चित्र पुरे झाल्यावर नव्या पानावर दोन बिंदू 2 सेंटिमीटर अंतरावर घेऊन पाहा. वर्तुळे तीच ठेवा. शांत वाटा आता 4 च उरतील. तीन बिंदू घेतले तर कोणती आकृती उमटेल, हे कंपास हाती घेण्यापूर्वी सांगणे बरेच अवघड आहे.