भुतांचीं गाणीं

भुताखेतांच्या गाण्यांचें सुशिक्षित घरांत काय काम, असा प्रश्न मलाही पडला होता. शाळेंत जन्म घालविलेल्या माझ्यासारख्यास तीं प्रथम निव्वळ आरडाओरड वाटलीं. गायकाची हकीकत कळली, आणि माझें ऐकणें पालटलें.

रॉकी एरिक्सन हा अमेरिकेंतील टेक्सस प्रांताचा. जन्म १९४७ चा. भ्रमावस्थेचे रंग सुरांत उतरवूं पाहणाऱ्या 'सायकेडेलिक' रॉक संगीतांत त्यानें १९६६ सालीं 'थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स' या वाद्यवृंदाबरोबर नांव मिळविलें. १९६९ मध्यें गांजाच्या एका विडीवरून त्याच्यावर खटला झाला. तुरुंग टळावा म्हणून वेडाची सबब पुढें करण्यांत आली, आणि १९७२ पर्यंत त्यास रस्क येथील वेड्यांच्या सरकारी इस्पितळांत राहावें लागलें. तेथें त्यानें काय सोसलें असेल, याची कल्पनाच करावी.

सुटल्यानंतर त्याच्या गाण्यांत भुतें, राक्षस, सैतान अवतरले. १९४३ व १९५५ सालच्या दोन भयपटांचीं नांवेंच त्यानें दोन गाण्यांस दिलीं. त्यांपैकीं चालत्या प्रेताचें गाणें जवळजवळ एकाच वाक्याच्या पुनरुक्तीवर उभें आहे. पुनरुक्ति हा दोष म्हणून मीं वर्षानुवर्षें शिकविला. येथें तीच भयानक रसाचा परिपोष करते. पहिल्यानें हसूं येतें, पण दहाव्या वेळीं वाटतें, हा गवई भिवविणारा नव्हे, स्वतः भ्यालेला आहे.

अंधारांतून जातांना मूल मोठ्यानें गातें. भीतीला नांव व ताल मिळाला कीं ती हातभर दूर सरते. ३१ मे २०१९ रोजीं एरिक्सन वारला. त्याचीं गाणीं ऐकतांना तें मूल आठवावें, एवढीच विनंति.