एकपदरी भक्ती



दिवाळी झाली की आमच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या डोंगरपाड्यांवर पुष्कळ घरांना कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यातच परततात. पहाटे अंधारात फडात उतरायचे, दिवसभर तोडणी, मग मोळ्या बांधणे आणि गाडी आली की रात्रीसुद्धा भरणी. तेवढे महिने त्यांच्याजवळ मंडळी नसते, पाळक नसतो आणि सुटीचा रविवारही नसतो. आमचे काम पाहायला येणारे हितचिंतक म्हणूनच विचारतात, “ताई, या लोकांचा विश्वास टिकतो कसा?”

हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. ज्या भक्तीला पेटी-तबला, ठरलेली वेळ आणि चार पुस्तके लागतात, ती उसाच्या फडात नेता येत नाही. दवाखान्यातल्या खाटेवर किंवा लोकलच्या गर्दीतही ती सोबत येत नाही. सोबत येते ती साधी, एकाग्र भक्ती. ही भक्ती म्हणजे नेमके काय, ते आपण शास्त्रातून पाहू.

पौलाला कशाची भीती वाटली?

करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या ११ व्या अध्यायात, २ ते ४ या वचनांत पौल आपली एक भीती बोलून दाखवतो. या मंडळीची ख्रिस्ताशी मागणी झाली आहे आणि ती आपण जुळवून दिली आहे, असा दृष्टांत तो घेतो. सर्पाने हव्वेला फसवले, तसे ख्रिस्ताकडे लागलेले या मंडळीचे मन बिघडू नये, ही त्याची काळजी आहे. इथे त्याने वापरलेला ग्रीक शब्द ‘हाप्लोतेस’ असा आहे. त्याच्या मुळाशी एकपदरी, घडी नसलेले, हा अर्थ आहे. घडी घातलेल्या लुगड्यात काहीही लपवता येते. उलगडून पसरले की जे आहे ते दिसते.

करिंथकरांनी प्रभूला सोडले नव्हते. त्यांच्याकडे कृपादाने होती, एकाहून एक वक्ते येत होते. धोका वेगळा होता. कोणी येऊन निराळाच येशू सांगेल आणि हे लोक तोही खपवून घेतील, असे पौलाला वाटत होते. भक्ती उणी झाल्याने बिघडते हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्यात भर घातल्यानेही ती बिघडते, हे मात्र आपण विसरतो.

ही भर कशी पडते?

आमच्या भागात सिकलसेलचा आजार बऱ्याच घरांत आहे. तो आईबापांकडून मुलांत येतो. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, अंगात रक्त कमी पडते आणि मधूनच हाडांत असह्य कळा येतात. अशा एका मुलाची आई आमच्या प्रार्थनागटात आहे. दोन वर्षांपूर्वी बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने पाड्यावर सभा घेतली. गोळ्या चालू ठेवणे म्हणजे अविश्वास, त्या फेकाल तरच प्रभू बरे करील, असे त्याने सांगितले. दोन घरांनी गोळ्या बंद केल्या.

मी आठवड्याने तिथे पोहोचले, तेव्हा या आईने आपला निर्णय आधीच घेतलेला होता. तिच्या बोलीत ती म्हणाली, “तो बाप आहे. माझ्या पोराची गोळी फेकून बापाला काय मिळणार?” तिला वाचता येत नाही. रोज रात्री ती मुलाला गोळी देते, पाणी पाजते आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून दोन ओळींची प्रार्थना करते. बाकीच्या दोन घरांना आमच्या आरोग्यसेविकेने समजावले. त्याहून जास्त या आईनेच समजावले आणि त्यांनीही उपचार पुन्हा सुरू केले. मुलगा आता आश्रमशाळेत सातवीत आहे. त्याला अजूनही कळा येतात. आईची प्रार्थनाही चालू आहे आणि औषधही चालू आहे.

साधी भक्ती म्हणजे भोळी भक्ती, असा गैरसमज पुष्कळांचा असतो. या आईकडे पाहा. ख्रिस्त कोण आहे, हे तिला स्वच्छ ठाऊक आहे, म्हणूनच वेगळा ख्रिस्त समोर आला तेव्हा तिने तो ओळखला. आजाऱ्यांना वैद्याची गरज असते, हे तर प्रभूने स्वतःच म्हटले आहे (मार्क २:१७).

सेवा आणि प्रभूच्या पायाशी बसणे

‘मार्था होऊ नका, मरीया व्हा,’ असे उपदेश आपण ऐकतो आणि दिवसभर राबणाऱ्या बहिणी मनातून खट्टू होतात. लूकने ही गोष्ट कुठे ठेवली आहे ते पाहावे. १० व्या अध्यायात तिच्या लगेच आधी चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. त्यात प्रभू स्पष्ट सांगतो की जखमी माणसाला ओलांडून जाऊ नका. तेव्हा सेवा ही काही चूक नव्हे. मार्थेचे मन पुष्कळ गोष्टींनी चहूकडे ओढले गेले होते, आणि त्या ओढाताणीत ती बहिणीबद्दल कुरकुर करू लागली, हे तिचे दुखणे होते. पुढे ११ व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच शिष्य प्रार्थना शिकवायला सांगतात आणि प्रभू त्यांना अगदी थोडक्या शब्दांची प्रार्थना देतो.

जखमी माणसाजवळ थांबणे, प्रभूच्या पायाशी बसणे, थोडक्यात प्रार्थना करणे, असा हा क्रम आहे. आमच्यासारख्या सेवकांना तो फार उपयोगी पडतो. अहवाल, शिबिरे, देणगीच्या पावत्या यांत दिवस जातो. संध्याकाळी सहकाऱ्यांविषयी कुरकुर सुरू झाली, की मन चहूकडे ओढले जात आहे, हे समजून घ्यावे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण

विद्वत्ता असली की भक्ती साधी राहत नाही, असेही कोणी म्हणतात. रमाबाईंकडे पाहा. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ पदवी दिली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या विधवा आणि मुली यांच्यासाठी केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. एवढा पसारा सांभाळून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. संस्कृतप्रचुर मराठी त्यांना सहज लिहिता आली असती. पण खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशीच भाषा त्यांनी धरली आणि छपाईचे काम मुक्तीतल्या स्त्रियांना शिकवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. शेवटच्या दिवसांपर्यंत हे भाषांतराचे काम त्यांच्या हातात होते. कामे अनेक होती, पण रोख एकच होता: प्रभूचे वचन या बायांच्या हाती पडावे.

घरी कसे करावे?

आमच्या गटांत आम्ही जे शिकवतो, ते आपल्यालाही करता येईल.

एक आठवडा एकच उतारा घ्यावा, आठ-दहा वचनांचा. रोज तोच वाचावा. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून ऐकावा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो उतारा कामात असताना आपोआप आठवू लागतो.

प्रार्थना थोडक्यात करावी, पण खरी करावी. उचल फिटलेली नाही, मुलगी शाळा सोडते म्हणते, असे जे असेल ते बापाला नाव घेऊन सांगावे.

मोबाइलवर येणारे उपदेश एक-दोनच ऐकावेत, आणि ऐकलेले शास्त्रात ताडून पाहावे. ख्रिस्ताने न घातलेली अट कोणी घालत असेल, तर आपल्या पाळकांना विचारावे.

प्रार्थनेत ज्याचे नाव घेतले, त्याच्यासाठी त्या आठवड्यात एक काम करावे. भेटून यावे, नाहीतर निदान फोन करावा.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावे. हा नवस नाही, त्यामुळे मोडल्याचा दंड नाही.

प्रार्थनेसाठी विनंती: सिकलसेल असलेली मुले आणि त्यांच्या माता, पाड्यापाड्यांवर पायी फिरणाऱ्या आमच्या आरोग्यसेविका, आणि प्रार्थनागट चालवणारे स्थानिक बंधू यांची या तिमाहीत आठवण ठेवा. 

आपली प्रभूमधील बहीण